धूर, घसरगुंडी आणि हातातली बॅग

१४ सप्टेंबर २०२२ रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचे एक बोईंग ७३७ विमान मस्कतहून कोचीला निघाले होते. आत १४१ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. विमान धावपट्टीकडे जात असताना त्याच्या उजव्या इंजिनातून धूर निघत असल्याचे दुसऱ्या एका विमानातून कळविण्यात आले. कोचीच्या विमानातील वैमानिकांसमोर मात्र आगीचा इशारा देणारा दिवा लागलेला नव्हता. तरीही त्यांनी विमान तेथेच थांबविले, ठरलेल्या यादीप्रमाणे एकेक काम उरकले, इंजिनात अग्निशामक वायू सोडला आणि प्रवाशांना फुगणाऱ्या घसरगुंड्यांवरून खाली उतरविले. काहींना किरकोळ इजा झाली, पण प्राण कोणाचेही गेले नाहीत. त्याच रात्री दुसऱ्या विमानाने प्रवासी कोचीला पोचले.

दार्सैत आणि रुवीच्या आपल्या वस्तीतून कोणी ना कोणी सदैव गावी जात-येत असते. तेव्हा ही घटना आपल्या दारातलीच समजली पाहिजे. तिची बातमी दोन दिवसांत जुनी झाली, पण तिच्यातून घ्यायचा धडा अजून आपण पुरता घेतलेला नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम वैमानिकांविषयी. दिवा लागला नाही, मग विमान थांबविलेच कशाला, असे कोणी विचारील. इंजिनातील आगीची सूचना देणारी यंत्रणा उष्णता ओळखते, धूर ओळखत नाही. आत तेल जळून धूर होत असला, पण यंत्रणेपाशी पुरेशी उष्णता पोचली नसली, तर दिवा लागणार नाही. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याच्या शब्दाला किंमत असते. अशा वेळी इंजिन बंद करायचे, त्याचे इंधन तोडायचे, मग अग्निशामक वायूची एक बाटली सोडायची, आणि गरज पडल्यास दुसरी. प्रवाशांना उतरवायचे ठरले तर चालू असलेले दुसरे इंजिनही बंद करावे लागते, नाहीतर खाली उतरणारा माणूस त्याच्या तोंडी सापडायचा. दार उघडण्यापूर्वी सेवकवर्गाने खिडकीतून बाहेर पाहायचे आणि ज्या बाजूला आग असेल त्या बाजूचे दार उघडायचे नाही, असा दंडक आहे.

थोडाही उशीर केवढ्याला पडतो, याचा दाखला जुना आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ७३७ जातीच्याच एका विमानाचे इंजिन उड्डाणासाठी धावत असताना फुटले. टायर फुटला असावा असे वैमानिकांना प्रथम वाटले. विमान थांबले, पण वाऱ्याने ज्वाळा विमानाच्या अंगावर आणल्या आणि १३७ पैकी ५५ माणसे गेली. त्यांतील बहुतेक भाजून नव्हे, तर विषारी धुराने गुदमरून गेली. पुढे विमानांत आसनांची आवरणे लवकर न पेटणारी झाली, जमिनीलगत वाट दाखविणारे दिवे आले आणि पंखावरच्या दारांपाशी मोकळी जागा ठेवण्यात आली. निम्मीच दारे वापरून भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, हे तर विमान बनविणाऱ्याला आधी सिद्धच करून द्यावे लागते.

आता आपल्याविषयी. ही ९० सेकंदांची चाचणी घेतात तेव्हा वरच्या कप्प्यातून कोणी बॅग काढीत नाही. प्रत्यक्षात काय होते ते ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुबईत जगाने पाहिले. तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर कोसळून पेटले होते, आणि आत अनेकजण कप्प्यांतून बॅगा काढीत होते. आतली सर्व ३०० माणसे वाचली, पण आग विझविताना अग्निशामक दलाचा एक जवान प्राणास मुकला. उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे पेटलेले विमान ३७९ माणसांनी सोडले, ते बहुतेकांनी सामान मागे ठेवून. त्यांतील सारे वाचले. ७३७ सारख्या विमानात तर मधून एकच अरुंद वाट असते. एकाने बॅगेसाठी हात वर केला की मागची सारी रांग अडते.

यावर आपल्या माणसांना हावरे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते आम्हांस मान्य नाही. आखातातून गावी निघालेल्या मजुराच्या त्या एका बॅगेत काय असते? पासपोर्ट, रहिवासाचे ओळखपत्र, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले सोने, कधी दोन वर्षांची शिल्लक. जळालेल्या सामानाची भरपाई आंतरराष्ट्रीय करारानुसार ठराविक मर्यादेतच मिळते, तीही मागावी लागते. अशा माणसाला 'सामान सोडा' एवढेच ओरडून सांगणे पुरेसे नाही. सामान सोडणे त्याला शक्य होईल, अशी तजवीज आधीच व्हायला हवी.

ती फार अवघड नाही. पासपोर्ट, ओळखपत्र, फोन आणि पैसे कमरेच्या पट्ट्यात किंवा आतल्या खिशात ठेवावेत. दागिने वरच्या कप्प्यात न ठेवता अंगावरच असावेत. विमान वर जाईपर्यंत पायांतले बूट काढू नयेत. बसल्या बसल्या पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवाव्यात, कारण धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताने आसने चाचपीतच जावे लागते. आणि धूर दिसला की लाजू नये, तत्काळ सेवकवर्गाला सांगावे. मस्कतमध्येही धूर दिसणाऱ्याने बोलण्यामुळेच विमान थांबले. पॉवर बँकेच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने विमान जमिनीवर असतानाच पेट घेतला. ती समोर असल्याने आग लगेच विझली. वरच्या कप्प्यात कपड्यांखाली असती तर ती उशिराच कळली असती.

आम्ही शाळेत आगीची तालीम घेतो. घंटा झाली की दप्तर जागेवर ठेवून रांगेने मैदानात यायचे, एवढाच नियम. तरी पहिल्या तालमीला निम्मा वर्ग दप्तर पाठीला लावून बाहेर येतो, आणि एखादा डब्यासाठी परत फिरतो. रागावून काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या तालमीला मात्र हात आपोआप मोकळे राहतात. विमानातील सेवकवर्गाला अशी तालीम नियमाने द्यावी लागते. प्रवाशाला ती कोणीच देत नाही, आणि सुरक्षेची सूचना चालू असताना तो घरी फोन करीत असतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सुटीच्या हंगामापूर्वी आपल्या मंडळांनी एका संध्याकाळी अर्धा तास याला द्यावा, आणि कामगारांच्या वस्त्यांतून त्यांच्या त्यांच्या भाषेत हे सांगावे. विमान कंपन्यांनीही विमानात चढण्यापूर्वी रांगेतच 'कागदपत्रे अंगावर ठेवा' असे सांगावे. ते ऐकायला त्या वेळी माणसाजवळ वेळ असतो, धुरात नसतो. मस्कतच्या वैमानिकांनी त्या दिवशी आपले काम चोख केले. पुढच्या वेळी दाराकडे जाणारी वाट मोकळी ठेवणे हे काम आपले आहे.