आधी हात, मग नाव

नवी मुंबईत दुचाकी चालवणाऱ्याला मुसळधार पावसापेक्षा जूनची पहिली रिमझिम जास्त जड जाते. धो धो पावसात रस्ता धुऊन तरी निघतो. पहिल्या सरीत मात्र उन्हाळाभर सांडलेले ऑईल, धूळ आणि टायरची झीज यांचा बुळबुळीत थर वर येतो. त्यात आपल्याकडे उरणच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर, तुर्भ्याच्या बाजार समितीतून निघालेल्या टेम्पोतून पडलेला भाजीपाला आणि डंपरच्या चाकांबरोबर बांधकामावरून रस्त्यावर आलेली माती. झेब्राचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलावरचे लोखंडी सांधे ओले असताना त्यांच्यावर ब्रेक दाबू नये, हे बहुतेकांना एकदा पडल्यावरच कळते.

पण या महिन्यात आम्हाला लिहायचे आहे ते पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांविषयी.

गेल्या पावसाळ्यात तुर्भ्याजवळच्या एका सर्व्हिस रोडवर समोरच्या गाडीतून ऑईल गळलेले होते आणि आम्ही मोटारसायकलसह आडवे झालो. हेल्मेट होते, अल्हमदुलिल्लाह. गुडघा आणि कोपर सोलण्यावर निभावले. क्षणात माणसे जमली. दोघांनी आधी गाडी उचलली, मग आमच्याकडे पाहिले. एकाने मोबाईल वर धरला. एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणाले, “एवढी कसली घाई असते तुम्हा लोकांना?” टोपली घेऊन चाललेली एक मावशी तेवढी म्हणाली, “लगेच उठू नको रे बाबा, बस जरा.” आणि “लागलं का?” हे विचारले जाण्याआधी “नाव काय तुमचं?” हा प्रश्न तीनदा आला.

या प्रश्नामागे दरवेळी खोट असते असे आम्ही म्हणणार नाही. नाव-गाव विचारणे ही आपल्या लोकांची सवयच. पण आमच्यासारखे नाव सांगितल्यावर कधीकधी जी अर्ध्या सेकंदाची शांतता पडते, ती या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवशीही ती पडली. एक रिक्षावाला मात्र या कशातच नव्हता. त्याने मागून येणारी वाहने आमच्या अंगावर येऊ नयेत म्हणून रिक्षा आडवी लावली होती, आणि आम्ही कडेला बसेपर्यंत तो ऑईलवर माती पसरत होता. त्याने नाव विचारले नाही, आम्हीही नाही.

ही हकिकत दहावीच्या वर्गात सांगितली तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आमच्यासमोर कुणी पडला तर आम्ही थांबायचं का? धडक तूच दिलीस असं म्हणतील. नाव सांगितलं की संपलंच.” कुणी हसले नाही. घरोघरी अम्मी-अब्बा हेच बजावतात: भानगडीत पडू नकोस, सरळ घरी ये. या भीतीला कारण नाही असे आम्ही त्या मुलाला सांगू शकलो नाही. कायदा काय म्हणतो, हे मात्र सांगितले.

१९८९ सालचा परमानंद कटारा खटला एका जखमी स्कूटरस्वारावरूनच उभा राहिला. जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि वाटेतच त्याचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी उपचार, कागद नंतर. पुढे सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर मार्च २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम निघाले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव, पत्ता, फोन नंबर सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याला थांबवून ठेवता येत नाही. साक्ष द्यायची की नाही, ही त्याची मर्जी. धर्म, जात, राष्ट्रीयत्व किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता त्याच्याशी आदराने वागायचे, असे शब्द त्या नियमांत आहेत. हे हक्क रुग्णालयाच्या दाराशी लावायचे असतात. पुढच्या वेळी गेलात तर फलक शोधून पाहा. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्यासाठी २०२१ पासून ५,००० रुपयांचे बक्षीस होते, ते आता २५,००० झाले आहे. बक्षिसासाठी कुणी थांबेल असे आम्हाला वाटत नाही, पण सरकार मदत करणाऱ्याला संशयित मानत नाही, एवढे त्यातून दिसते.

कायद्याने लोकांच्या मनातला संशय धुऊन निघत नाही, हेही खरे. म्हणून मुलांना सांगितले: थांबताच आपल्या फोनवरून ११२ किंवा १०८ लावा, म्हणजे खबर तुम्ही दिली हे राहते. शेजारच्या दुकानदाराला, जाणाऱ्या दोघांना हाक मारून सोबत घ्या. एकट्याने काही करू नका, पण पाठ फिरवूनही जाऊ नका.

रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची शाखा असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले, ही हदीस आपण मक्तबमध्ये पाठ करतो. वाटेवरची काटेरी फांदी बाजूला करणाऱ्याला अल्लाहने क्षमा केल्याचीही हदीस आहे. ऑईलवर माती पसरणारा तो रिक्षावाला आमच्या मते याच वर्गातला. सूरह अल्-माइदामध्ये (आयत ३२) एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे म्हटले आहे. तिथे ‘जीव’ हाच शब्द आहे, तो कुणाचा हे विचारलेले नाही. आणि सूरह अल्-हुजुरातमध्ये दुसऱ्याची थट्टा करायला मनाई आहे, तेव्हा आपल्या कौटुंबिक ग्रुपवर “बघा कसा आपटला” म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंचाही विचार व्हावा.

भगिनींसाठी एक वेगळी सूचना. मागे बसताना बुरख्याचा घेर आणि ओढणी मांडीखाली घट्ट घ्या. चाकात अडकून पडणे घसरण्यापेक्षा भयंकर. आणि एखादी स्त्री पडलेली दिसली तर, ती कुणीही असो, पुढे व्हा. कपडे सावरायला दुसऱ्या स्त्रीचा हात तिला सर्वात आधी हवा असतो.

शेवटी त्याच मुलाने विचारले, “सर, हेल्मेट काढायचं का?” श्वास नीट चालू असेल तर काढू नका, मानेला इजा असू शकते. उठवून उभे करू नका. भोवळ आलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा, गाडीची चावी बंद करा, मागची वाहने अडवा. आणि बोलायचे असेल तर विचारा, “कुठं लागलंय?”