भाषेचा वर्ग आणि हिशेबाची वही

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे राज्य. तेथील सार्वजनिक विद्यापीठ १८६७ साली स्थापन झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या प्रशासनाने साडेचार कोटी डॉलरांची तूट पुढे करून परकीय भाषांचा विभागच मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला. विद्यार्थ्यांची सोय काय? तर म्हणे, भाषा शिकवणाऱ्या एखाद्या ॲपशी किंवा अन्य विद्यापीठाशी ऑनलाइन भागीदारी करता येईल! विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, निदर्शने झाली. तरीही सप्टेंबरमध्ये नियामक मंडळाने २८ अभ्यासक्रम आणि १४३ अध्यापकपदे कमी करण्यावर शिक्कामोर्तब केले. स्पॅनिश व चिनी भाषांचे थोडे वर्ग तेवढे वाचले. परकीय भाषांतील पदव्या गेल्या.

यंत्राला विरोध हा येथे मुद्दाच नव्हे. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने अमेरिकेत भाषा-प्रयोगशाळांना सरकारी पैसा मिळाला, ध्वनिफिती आल्या. पण त्या शिक्षकाच्या हाताखाली राहिल्या. शब्दांची उजळणी, उच्चार पुनःपुन्हा ऐकणे ही कामे ऑनलाइन मंच उत्तम करतो. आडगावच्या मुलीला जर्मनचा पहिला धडा कदाचित त्यानेच मिळेल.

मेख आहे ती खर्चात. ध्वनिमुद्रित पाठ दहा जणांनी ऐकला काय, दहा हजारांनी ऐकला काय, खर्च जवळपास तोच. विद्यार्थ्याला बोलताना थांबवून 'असे नव्हे, असे' म्हणणाऱ्या शिक्षकाचा तास मात्र पंधरा-वीस जणांपलीकडे ताणता येत नाही. तुटीच्या काळात हिशेबनीस पहिल्याकडे वळतो. बोलता येते ते दुसऱ्यामुळे. सधन घरातला मुलगा खाजगी शिकवणी लावील, परदेशी राहून येईल. खाणकामगाराच्या मुलाच्या वाट्याला ॲप. आणि ॲप चालवणाऱ्यांचा तरी माणसावर कितपत भरवसा? कृत्रिम बुद्धिमत्तेला जमणारी कामे कंत्राटी माणसांना देणे हळूहळू थांबवू, असे ड्युओलिंगो कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले.

हे सारे दूरचे वाटेल. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली सत्रातील २० टक्के विषय 'स्वयम्' मंचावरून घेण्यास मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. हा मंच सरकारी आहे, पाठ विनामूल्य आहेत, जर्मन-जपानीही त्यावर शिकवली गेली आहे. ही जमेची बाजू मान्यच करावी लागेल. मात्र एखाद्या भाषाविभागात पद रिक्त असताना ते भरण्याऐवजी या मंचाकडे बोट दाखवले गेले, तर अधिसभेतील पुरोगामी सदस्यांनी अंदाजपत्रकाच्या बैठकीतच विचारावे : संभाषणाचा तास कोण घेणार, आणि त्याचे वेतन कोणत्या शीर्षाखाली धरले आहे?