वाकडी वाट कुणाच्या गावावरून?

रामटेकच्या माणसाला 'मेघदूत' वेगळं सांगावं लागत नाही. गडावर जाता-येता कालिदास स्मारक दिसतंच. त्यातला यक्ष मेघाला उत्तरेकडे धाडतो आणि वाट थोडी वाकडी झाली तरी उज्जैनवरून जा म्हणतो. विमान कंपन्याही आपल्याला हेच सांगतात. फरक इतकाच, की यक्षाला उज्जैनचं कौतुक होतं, आणि कंपनीला दहा गावचे प्रवासी एका जागी गोळा करायचे असतात.

हिशोब सोपा आहे. दहा गावं एकमेकांना थेट जोडायची तर 45 मार्ग लागतात. मध्ये एक केंद्र धरलं तर दहाच पुरतात. शिवाय न्यूयॉर्कला जाणारं तीनशे आसनांचं विमान एकट्या नागपूरच्या जिवावर रोज कसं भरणार? इथले वीस, तिथले तीस असं करतच ते भरतं. छोटी विमानं म्हणजे ओढे आणि लांब पल्ल्याचं विमान म्हणजे नदी. ओढे आटले की नदीही आटते.

आता आपण नागपूरकडचे लोक! कुणी विमानाचा विषय काढला की लगेच झीरो माइल दाखवतो. देशाच्या मधोमध आहोत, मग केंद्र आपणच. मिहानचं स्वप्नही याच नकाशावर रंगवलं गेलं. आणि गंमत म्हणजे एकेकाळी हे खरंही होतं. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती परत जात. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसहून याच धर्तीवर काम सुरू केलं ते 1973 मध्ये!

पण विमानांचा पल्ला वाढला, तशी मध्ये उतरायची गरज सरली. केंद्र नकाशाने नव्हे, वेळापत्रकाने ठरू लागलं. 2015 मध्ये कतार एअरवेजने नागपूर-दोहा सेवा सुरू केली. दोहाच्या नदीला नागपूर हा एक ओढा झाला.

आपल्या नद्या का भरल्या नाहीत? 1953 च्या राष्ट्रीयीकरणात देशातली उड्डाणं इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशातली एअर इंडियाकडे गेली. ओढा एका घरात, नदी दुसऱ्या घरात. दोन्ही एकत्र आल्या त्या थेट 2007 मध्ये. खासगी कंपन्यांनाही देशात पाच वर्षं उडल्याशिवाय परदेशी जाता येत नसे. ती अट 2016 मध्ये गेली.

आता काही जण म्हणतात, आखाती कंपन्यांना जास्त आसनं देऊ नका, आपली दिल्ली-मुंबईची केंद्रं उभी राहू द्या. म्हणणं चूक नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो? नातवंडाला बघायला निघालेले आई-बाबा दोहामार्गे परतले तर बॅग सरळ नागपूरलाच हातात येते, कस्टमही इथेच. दिल्ली-मुंबईमार्गे आले तर बॅग तिथे उतरवा, कस्टममधून न्या आणि पुन्हा जमा करा. त्यात दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं तिकीट बुडालं! सत्तरीतल्या माणसांनी हे देशासाठी सोसावं, असं म्हणायला मला तरी जीभ रेटत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडं कडू आहे. आपण केंद्र व्हायचा हट्ट सोडावा आणि चांगला ओढा व्हायचा धरावा. एकच तिकीट असावं, पुढच्या विमानाशी जुळणारी वेळ असावी आणि विमान चुकलं तर ती जबाबदारी कंपनीची असावी. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली, आनंदच आहे. पण अशा प्रत्येक नव्या विमानाला फीत कापायच्या आधी एक प्रश्न विचारावा : उतरल्यावर पुढचं विमान कितीला?

याचं उत्तर 'दुसऱ्या दिवशी' असं असेल, तर रामटेकचा माणूस दोहावरूनच जाईल. आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत.