पेढीवर न जाणारा पिता



गेल्या मार्गशीर्षात कोल्हापूरला एका विवाहास जाण्याचा योग आला. दूरदूरचे आप्त भेटले. पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्याशी ओळख काढताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपण काय करता?" उत्तरही बहुधा ठरलेलेच. कोणी म्हणतो, "इचलकरंजीला सुताचा व्यापार". कोणी म्हणतो, "मेन रोडला भांड्यांचे दुकान". प्रश्न माणसाविषयी असतो, पण उत्तर आपण दुकानाविषयी देतो, आणि तेवढ्यावर दोन्ही बाजूंचे समाधान होते.

माझा भाचा माझ्या शेजारीच बसून धाकट्या मुलीला वरणभात भरवीत होता. त्यालाही तोच प्रश्न आला. तो काही बोलण्यापूर्वीच त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, घाईघाईने म्हणाली, "सध्या ऑनलाइन काही सुरू करतोय. घरूनच." विचारणारे गृहस्थ मान हलवून दुसरीकडे वळले. भाच्याने मान खाली घातली आणि मुलीला पुढचा घास दिला. खरी गोष्ट मला ठाऊक होती. मीही गप्प बसलो.

खरी गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या मार्केट यार्डातील घरच्या हळदीच्या आडतीवरून उठून तो घरी बसला. 'घरी बसला' हा शब्दप्रयोग मी सवयीने करून गेलो. तो किती चुकीचा आहे, हे पुढे दिसेलच. त्याची पत्नी मिरजेच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेची वेळ घड्याळ पाहून ठरत नाही, त्यामुळे तिच्या जाण्यायेण्याचा नेम नसतो. धाकटी मुलगी जन्मापासून नाजूक, वरचेवर आजारी पडणारी. माझ्या बहिणीचे गुडघे साथ देत नाहीत. आडत सांभाळायला वडील आणि थोरला भाऊ समर्थ आहेत. तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागेपर्यंत घर आणि मुले आपण पाहायची, असे त्याने ठरविले. पतिपत्नींनी विचारपूर्वक, हिशेब मांडून घेतलेला हा निर्णय होता.

त्याचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. पत्नीचा डबा, मोठ्या मुलाची शाळा, धाकटीची औषधे, दुपारचे जेवण, कपडे, अभ्यास. घरात सूर्यास्तानंतर जेवण नाही, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक ऊन असतानाच उरकावा लागतो. आणि पत्नीला रुग्णालयात थांबावे लागणार असले, तर तिचा डबा वेळेत मिरजेला पोहोचवावा लागतो. बसायला वेळ मिळतो कुठे?

विवाहाहून परतताना मुले गाडीत झोपी गेली, तेव्हा मी विषय काढला. तो म्हणाला, "मामा, काम जड नाही हो. मुलीचे वजन वाढले की मला आडतीत मोठा सौदा झाल्यासारखे वाटते. पण सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत माझ्या वयाच्या माणसाशी एक वाक्य बोलणे होत नाही. यार्डात डोकावलो तर सगळे विचारतात, परत कधी येणार? बागेत गेलो तर मुलांच्या आया घोळक्याने बसलेल्या असतात. मी जवळ गेलो की त्या बोलायच्या थांबतात. त्यांची चूक नाही. पण मी बसायचे कोठे? आता तर लग्नकार्यालाही यायला नको वाटते."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी चाळीस वर्षे गादीवर बसलो. त्या काळात किती सौदे झाले, किती बुडाले, ते सारे वह्यांत आहे. पण त्याच गादीवर सकाळच्या चहाबरोबर कोणाच्या मुलीचे जमले, कोणाच्या छातीत दुखले, कोणाची उधारी अडकून झोप उडाली, हेही बोलले जात असे. माझ्या वडिलांचे निधन झाले, तेव्हा पंधरवडाभर शेजारचे दुकानदार रोज संध्याकाळी येऊन नुसते बसत. त्याची नोंद कोणत्याही रोजमेळात नाही. पेढीवरून उठलेल्या माणसाचे उत्पन्न थांबते, हे आपण चटकन पाहतो. त्याबरोबर त्याची बैठकही मोडते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

घरातील स्त्रियांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखले होते. महिला मंडळ, भिशी, हळदीकुंकू, पापड-लोणच्याचे दिवस यांना आपण पुरुषांनी 'गप्पांचे अड्डे' म्हणून हसून सोडून दिले. पण मुलाला ताप उतरत नाही म्हणून घाबरलेल्या नव्या आईला धीर कोठे मिळत होता? तेथेच. घर सांभाळण्याचे काम एकट्याने होत नाही. ते करणाऱ्याला त्याच कामातील दुसरा माणूस लागतो. पुरुष या कामात आला, तेव्हा त्याला काम मिळाले; मंडळ मिळाले नाही.

पुढच्या भेटीत भाच्यानेच मला अमेरिकेतील एक हकीकत सांगितली. मुलगी निजली की तो मोबाइलवर आपल्यासारखे कोणी आहे का, हे शोधीत असे. त्यात ती त्याला सापडली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील पीटर बेलिस या गृहस्थाची संगणक क्षेत्रातील नोकरी गेली आणि तो घरी राहून मुले सांभाळू लागला. आपल्यासारखे आणखी पिते कोठेतरी असतील, पण त्यांना एकमेकांचा पत्ता नाही, हे जाणून त्याने १९९४ मध्ये अशा पित्यांसाठी एक छोटे वार्तापत्र सुरू केले. १९९६ मध्ये शिकागोजवळच्या डेस प्लेन्स गावातील ओकटन महाविद्यालयात अशा पित्यांचे पहिले संमेलन भरले. त्यामागे रॉबर्ट फ्रँक हे तेथील प्राध्यापक होते. त्यांनी स्वतःही घरी राहून मुले वाढविली होती. पुढे हे संमेलन निरनिराळ्या शहरांत भरू लागले आणि अशा पित्यांची देशव्यापी संघटनाही उभी राहिली.

तेथे काय होते? व्याख्याने होतात. मुलांना शिस्त कशी लावावी, पत्नी मिळवती असताना पैशाचे बोलणे कसे करावे, काही वर्षांनी पुन्हा कामावर जाताना काय अडचणी येतात, अशा विषयांवर लहान गटांत चर्चा होते. पण भाच्याच्या मनात भरले ते वेगळेच. तो म्हणाला, "मामा, तेथे 'तुम्ही काय करता?' हा प्रश्न कोणी विचारीतच नसेल. सगळ्यांचे उत्तर एकच. तेथून पुढे बोलणे सुरू होत असेल." ज्या प्रश्नाने पंगतीत त्याची मान खाली गेली, तो प्रश्नच तेथे उरत नाही, एवढेच त्याला पुरेसे वाटले.

अशा पित्यांची संख्या नगण्य आहे, असेही आता म्हणता येत नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने दिलेल्या आकडेवारीनुसार, अर्थार्जन न करता घरी असणाऱ्या पालकांमध्ये १९८९ साली पित्यांचे प्रमाण ११ टक्के होते. २०२१ साली ते १८ टक्के झाले. यांतील पुष्कळजण आजारपणामुळे किंवा काम न मिळाल्यामुळे घरी असतात, हे खरे. पण घर आणि कुटुंब सांभाळण्यासाठीच घरी राहिलो, असे सांगणारे त्यांच्यात १९८९ साली ४ टक्के होते, ते २०२१ पर्यंत २३ टक्के झाले. स्वीडनने तर १९७४ सालीच केवळ मातेसाठी असलेल्या रजेऐवजी आईवडील दोघांनाही घेता येईल अशी रजा आणली. आज तेथे एका अपत्यामागे ४८० दिवसांची रजा मिळते आणि त्यांतील ९० दिवस पित्यासाठी राखीव असतात. त्याने ते घेतले नाहीत तर ते वाया जातात. तेथे खुल्या बालवाड्याही असतात. मुलाला सोडून निघून जायचे नाही, पालकाने मुलासह तेथेच बसायचे. मुले खेळतात आणि बसल्या बसल्या पालकांची ओळख होते.

आपल्याकडे केंद्र सरकारी सेवेतील पित्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. आपल्यासारख्या व्यापाऱ्याला रजा देणारे कोणी नाही, आणि नाकारणारेही कोणी नाही. निर्णय घरातच व्हायचा असतो. म्हणून घरच्यांचा शब्द येथे कायद्याहून मोठा ठरतो.

या विषयावर ज्येष्ठांशी बोललो, तेव्हा दोन आक्षेप पुढे आले. दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की सगळीच मुले घरी राहू लागली तर पेढी कोण चालविणार? सगळ्यांनी घरी राहावे, असे कोणीच म्हणत नाही. ज्या घरात दुसरे हात आहेत, गरज खरी आहे आणि पतिपत्नींचे एकमत आहे, तेथे काही वर्षांसाठी हा मार्ग घेतला, तर तो पळपुटेपणा ठरत नाही, एवढेच. आपण माल पाहून, बाजार पाहून भांडवल कोठे गुंतवायचे ते ठरवितो. मुलांची पहिली वर्षे हेही भांडवल गुंतविण्याचेच ठिकाण आहे.

दुसरा आक्षेप एका भगिनीने घेतला, आणि तो मला अधिक टोचला. त्या म्हणाल्या, "आम्ही आयुष्यभर हेच केले, आमच्यावर कोणी लेख लिहिला नाही. पुरुषाने दोन वर्षे केले की संमेलने भरतात!" त्यांचे म्हणणे खरे आहे. बाप मुलाला कडेवर घेऊन बाजारात दिसला की लोक कौतुक करतात. आई दिसली तर कोणी वळूनही पाहत नाही. म्हणूनच या पित्यांना आपण सत्कार, शाल, श्रीफळ देऊ नये असे मला वाटते. त्यांना ते हवेही नाही. त्यांना हवी आहे ती केवळ बसायला जागा, जशी त्या भगिनींना त्यांच्या मंडळात होती.

मुलांना शिकविणे, वाढविणे हे पित्याला कमीपणाचे आहे, असे म्हणायला आपल्याकडे तर मुळीच आधार नाही. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकविले, ही कथा आपण पाठशाळेतील लहान मुलांना कौतुकाने सांगतो. दोन कन्यांना जवळ घेऊन अक्षरे गिरवून घेणारा तो पिता त्या वेळी राजा होता, हे मात्र सांगताना आपण विसरतो.

आता पुढची हकीकत सांगतो. आमच्या पाठशाळेत रविवारी सकाळी मुले येतात. त्यांना सोडायला आलेले वडील तास संपेपर्यंत बाहेर आपापल्या दुचाकीवर बसून मोबाइल पाहत असतात. किती वर्षे मी हे दृश्य पाहत आलो! एका रविवारी मी भाच्याला घेऊन गेलो, व्हरांड्यात एक सतरंजी टाकली आणि बाहेरच्या तिघांना आत बोलाविले. एकाची पत्नी गेल्या वर्षी निवर्तली आहे. शाळेत जाणारी दोन मुले आणि वाण्याचे दुकान तो एकटा सांभाळतो. एकजण संगणक कंपनीचे काम घरून करतो आणि दिवसभर तान्हे बाळही त्याच्याच जवळ असते. तिसऱ्याचे दुकान बंद पडले आहे. पत्नी शिक्षिका आहे. पहिली दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग त्या विधुर गृहस्थाने हळूच विचारले, "मुलीची वेणी घट्ट राहत नाही हो. तुम्ही कशी घालता?" भाच्याने तेथेच धाकटीला समोर बसवून वेणी घालून दाखविली.

त्यानंतर ही बैठक दर रविवारी होते. तिला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. औषधाचा डोस, शाळेचे फॉर्म, डब्याला काय द्यावे, रात्री मुलगा आईची आठवण काढून रडला तर काय करावे, असे विषय निघतात. कधी कोणी काहीच बोलत नाही. तरी उठून जात नाही. एकदा वाण्याच्या दुकानदाराला ताप आला, तेव्हा त्याच्या मुलांचा चार दिवसांचा डबा बाकीच्या तिघांच्या घरून गेला. भाचा आता कार्यक्रमांनाही येऊ लागला आहे.

गेल्या महिन्यात जयसिंगपूरला एका बारशाच्या जेवणात पुन्हा तोच प्रश्न आला, "मुलगा काय करतो?" मी बहिणीकडे पाहिले. या खेपेला आपण गप्प बसायचे नाही, असे मी ठरवून आलो होतो. पण माझ्यावर ती वेळ आली नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सून डॉक्टर आहे. मुले तो सांभाळतो." विचारणाऱ्या बाईंनी एवढेच म्हटले, "मग तुमची धाकटी आता बरी आहे ना?" आणि दोघी नातवंडांच्या खाण्यापिण्याविषयी बोलत राहिल्या.

वाचकहो, आपल्या गावच्या पाठशाळेबाहेर, शाळेच्या फाटकाशी किंवा दवाखान्याच्या बाकावर असा एखादा पिता एकटा बसलेला आपल्याला दिसत असेल. तो काय करतो, हे त्याच्या मांडीवरील मुलाकडे पाहून कळते. त्याला आत बोलवा. सतरंजी आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे.