तबकडीमागचे खेळते भांडवल

सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी आणि एका बाजूस तीन-चार मिनिटांचे एकच गाणे सामावणारी तबकडी अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ साली बाजारात आणली. मराठी घरांतील ग्रामोफोनवर एचएमव्हीच्या ज्या छोट्या तबकड्या फिरत, त्यांचे मापही हेच. रॉक अँड रोल हे संगीत याच तबकडीवर लहानाचे मोठे झाले. त्यामुळे आजही त्या जुन्या धाटणीचे संगीत करणारा एखादा स्वतंत्र बँड नवे गाणे रचतो, तेव्हा ते मोबाइलवर सहज ऐकता येत असूनही त्याची विनाइल ‘सिंगल’ काढल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. ही निव्वळ हौस असे म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. परंतु या हौसेचा जमाखर्च पाहण्याजोगा आहे.

उत्तर लंडनमधील केंटिश टाउनची किटी, डेझी आणि लुईस ही डरहम भावंडे या पंथातील ठळक उदाहरण. मंचावर त्यांच्या साथीला वडील गिटार आणि आई डबल बास वाजवते. वडील व्यवसायाने ध्वनिमुद्रणावर अखेरचा हात फिरवणारे तंत्रज्ञ. आई एके काळी ‘द रेनकोट्स’ या बँडमध्ये ड्रम वाजवीत असे. २००८ सालचा पहिला संग्रह त्यांनी जुन्या यंत्रांवर, चुंबकीय फितीवर मुद्रित केला. २०१५ सालच्या तिसऱ्या संग्रहासाठी कॅम्डन भागातील एका बंद पडलेल्या भारतीय उपाहारगृहात स्वतःचा स्टुडिओ उभारला. भाड्याच्या स्टुडिओत तासावर पैसे मोजण्यापेक्षा यंत्रसामग्री स्वतःच्या मालकीची करावी, हा विचार कोणत्याही व्यापारी घराण्यास पटेल असाच आहे.

खरा खर्च मात्र ध्वनिमुद्रणानंतर सुरू होतो. लॅकरचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर प्रथम खाचा कोरतात. त्यावर चांदीचा सूक्ष्म थर देऊन विद्युत्-विलेपनाने निकेलचा उलटा ठसा घेतात. या ठशास कारखान्यात ‘फादर’ म्हणतात, त्यावरून निघणाऱ्या सुलट प्रतीस ‘मदर’, आणि तिच्यापासून प्रत्यक्ष छपाईचे साचे घडतात. डरहम कुटुंबास शोभणारीच ही परिभाषा! तबकड्या तीनशे काढा की तीन हजार, साच्यांपर्यंतचा खर्च जवळपास तेवढाच. साहजिकच छोट्या बँडला एकेक तबकडी महाग पडते, पैसे आगाऊ भरावे लागतात आणि वसुली कार्यक्रमानंतर टेबलावर होणाऱ्या विक्रीतून हळूहळू होते. इंटरनेटवर गाणे एकदा ऐकले गेले, तर त्यापोटी एक सेंटही मिळत नाही. एका तबकडीची किंमत तेथे जमण्यास शेकडो वेळा ते गाणे वाजावे लागते.

ही ओढाताण नवी नाही. ज्या ध्वनीचे हे बँड अनुकरण करतात तो घडवणारे मेम्फिसचे सॅम फिलिप्स याच कात्रीत सापडले होते. त्यांच्या ‘सन’ या चिमुकल्या कंपनीने १९५४-५५ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या पाच सिंगल काढल्या. गाणी खपू लागली आणि अडचण वाढली. कारण कारखान्यांची बिले आधी भागवावी लागत, वितरक मात्र सवडीने पैसे देत. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी एल्व्हिसचा करार आरसीएला ३५,००० डॉलरना विकला. या व्यवहारास आजही घोडचूक म्हणून हिणवले जाते. ते अन्यायाचे आहे. मागणी भरपूर आणि हाती रोकड नाही, अशा स्थितीत चांगले चाललेले दुकानही बुडते. त्या पैशाने कंपनी तगली आणि पुढच्याच वर्षी कार्ल पर्किन्सच्या ‘ब्लू स्वेड शूज’ने दहा लाखांवर खप गाठला.

आजच्या छोट्या बँडपुढे आणखी एक संकट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील ‘अपोलो मास्टर्स’ हा कारखाना जळाला. कोरीव कामाच्या लॅकर चकत्या बनवणारे जगात मुख्यतः दोनच कारखाने, त्यांतील हा एक, दुसरा जपानमध्ये. त्याच सुमारास विनाइलची मागणी वाढत होती. २०२२ मध्ये अमेरिकेत विनाइल संग्रहांच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या, सीडींच्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच विनाइल प्रतिसंख्येत पुढे गेले. ही वाढ ऐकून छोट्या बँडचे भले झाले असे वाटेल. प्रत्यक्षात बड्या कंपन्या आपल्या लाखोंच्या मागण्या घेऊन त्याच मोजक्या कारखान्यांच्या दारी आल्या. २०२१ च्या सुमारास तीनशे-पाचशे प्रती मागणाऱ्यांना सहा-सहा महिने आणि त्याहूनही अधिक थांबावे लागले. त्यांनी आगाऊ भरलेली रक्कम तोवर कारखान्याकडे बिनव्याजी पडून होती, आणि ज्या दौऱ्यात तबकड्या विकायच्या तो दौरा संपून गेला होता.