भयाचे मास्टर आणि त्यांचे दर्दी

भयपटांच्या चाहत्यांइतकी निर्भय माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. कापलेली मान, उकरलेली कबर, भिंतीतून बाहेर येणारा हात अशा विषयांवर ही मंडळी चहाबरोबर चिवड्याचे बकाणे भरत इतक्या आनंदाने बोलतात, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावे, लग्नाच्या याद्या चालल्या आहेत. माझ्या भाच्याच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी असा अड्डा जमतो. सगळे चाळिशीच्या आगेमागे, नोकरीधंद्याला लागलेले, दोघांच्या डोक्यावर गृहकर्ज. मी कथा-कादंबऱ्या लिहितो म्हणून आणि बहुधा वयाला मान म्हणून, मला कोपऱ्यातली वेताची खुर्ची मिळते. त्यांचा वर्षानुवर्षे न संपलेला वाद आहे तो ‘मास्टर्स ऑफ हॉरर’ या अमेरिकन मालिकेचा. 2005 ते 2007 या काळात दाखवली गेलेली, दोन हंगामांत प्रत्येकी तेरा अशा सव्वीस स्वतंत्र कथांची ही मालिका. कोणता भाग पहिला, कोणता शेवटचा, कोणी इभ्रत राखली, कोणी घालवली, याचा निकाल अजून लागलेला नाही.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी हकिकत सांगतो. मिक गॅरिस नावाच्या दिग्दर्शकाने 2002 साली लॉस एंजेलिस परिसरातल्या एका हॉटेलात आपल्या व्यवसायबंधूंना जेवायला बोलावले. सगळे भयपट काढणारे. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस चालला होता. गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाने उठून थट्टेत जाहीर केले, की भयाचे मास्टर तुम्हाला शुभेच्छा देत आहेत. ती थट्टा मंडळाचे नाव होऊन बसली, जेवणे होत राहिली आणि त्यातून मालिका निघाली. शोटाइम ही पैसे भरून पाहायची वाहिनी पुढे आली. बहुतेक भागांचे चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकूव्हरला, एका भागाला साधारण दहा दिवस. पैसा बेताचा, वेळ त्याहून बेताचा. त्या बदल्यात दिग्दर्शकाला शब्द असा, की तुमच्या कामात कोणी लुडबुड करणार नाही.

‘मास्टर’ हा शब्द आपल्याला नवा नाही. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव ही नावे आपण त्या उपाधीसकटच घेतो. आणि उपाधी एकदा लागली की दर्दी श्रोता किती निष्ठुर होतो, हे पुण्याच्या ‘सवाई’त चार रात्री काढलेल्या कोणालाही सांगायला नको. बुवा गात असतात आणि मागच्या रांगेत कोणीतरी मान हलवत म्हणतो, ‘ऐंशी साली ऐकायला हवे होते तुम्ही!’ भाच्याच्या अड्ड्यावर नेमके हेच चालते. ‘हाच माणूस का तो, ज्याने सस्पिरिया काढला?’

हिशेब पाहा. टोबी हूपरचा ‘टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ 1974 चा, दारिओ अर्जेंतोचा ‘सस्पिरिया’ 1977 चा, जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ 1978 चा. मालिका सुरू झाली तेव्हा अर्जेंतो पासष्ट वर्षांचा, हूपर बासष्टचा, कार्पेंटर सत्तावन्नचा. बँकेत ही वये निवृत्तीच्या समारंभाची. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि ‘यापुढे आपल्या छंदांना वेळ द्या’ असा उपदेश. चाहत्यांची तक्रार अशी, की या म्हाताऱ्यांत आता दम राहिला नव्हता. मला ती तक्रार मान्य नाही, आणि ती माझ्या वयामुळे नव्हे, असे म्हटले तर तुम्ही हसाल, हसा. पण ‘हॅलोविन’ हा मुळात तीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवुडच्या मानाने चिल्लर पैशांत झालेला चित्रपट आहे. अडचणीत काम करणे हीच या मंडळींची तालीम होती. दहा दिवस आणि एक तास ही अट त्यांना जाचली नसावी. काहींना जाचले असेल तर ते मिळालेले स्वातंत्र्य. त्याविषयी पुढे.

कार्पेंटरचा ‘सिगारेट बर्न्स’ घ्या. एक तरुण तोट्यातले चित्रपटगृह चालवतो. डोक्यावर कर्ज, आणि तेही सासऱ्याचे. बायको गेलेली, तिच्या मरणाला हाच कारण, असे सासरा धरून बसलेला. एक धनिक संग्राहक या तरुणाला एका दुर्मीळ चित्रपटाची प्रत शोधायला लावतो. तो चित्रपट म्हणे एकदाच दाखवला गेला आणि प्रेक्षक एकमेकांच्या अंगावर तुटून पडले. भागाचे नाव पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर चमकणाऱ्या गोल ठिपक्यावरून आले आहे. रीळ संपत आले, दुसरे यंत्र सुरू करा, ही ऑपरेटरला खूण. आपल्याकडच्या जुन्या एकपडदा थिएटरांतही तो ठिपका दिसत असे. किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे. अड्ड्यावर चर्चा होते ती शेवटच्या दहा मिनिटांतल्या रक्तपाताची. मला मात्र भीती वाटली ती सासऱ्याची. त्याला पैसे परत नकोच असतात, मुलगी हवी असते, आणि मुलगी परत देता येत नाही म्हणून तो पैसे मागत राहतो. छत्तीस वर्षे कर्जखाती हाताळल्यावर सांगतो, असले वसुलीदार मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे तडजोडीचा कोणताही आकडा चालत नाही.

आता स्वातंत्र्याविषयी. कोणी अडवणार नाही म्हटल्यावर बऱ्याच मास्टरांनी ते आधी रक्तात आणि मग उघड्या अंगांत खर्च केले. सव्वीसपैकी निदान दहा भाग असे, की कथा मध्येच कुठेतरी उतरून गेली आणि रंगभूषाकाराने गाडी पुढे नेली. (घरात लहान मुले असतील तर ही मालिका त्यांच्यादेखत लावू नये, हे स्वच्छ सांगून ठेवतो. मोठ्यांनीही जेवणानंतर तासभर जाऊ द्यावा.) पण ज्याने स्वातंत्र्य खरेच अखेरपर्यंत वापरले त्याचे काय झाले? जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइके याचा ‘इम्प्रिंट’ हा पहिल्या हंगामाचा तेरावा भाग. जुन्या जपानमध्ये हरवलेल्या प्रेयसीला शोधत आलेला अमेरिकन पत्रकार, एक विद्रूप वेश्या आणि तिने तीनतीनदा बदलून सांगितलेली हकिकत. त्यातला छळाचा प्रसंग मला एका बैठकीत बघवला नाही. शोटाइमने हा भाग दाखवलाच नाही. ब्रिटनमध्ये तो दाखवला गेला, अमेरिकेतल्या प्रेक्षकाला 2006 साली डीव्हीडीवर मिळाला.

अड्ड्यात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, वाहिनी त्यांची, मर्जी त्यांची. दुसऱ्याच्या लेखी ‘इम्प्रिंट’ श्रेष्ठ, कारण तो बंद केला गेला. मला दोन्ही तट पटत नाहीत. बंदी हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. मराठी नाटकांच्या इतिहासात बंदी आलेले सगळेच ‘सखाराम बाइंडर’ नव्हते. पण शब्द दिला होता ना? ‘काहीही करा’ असे म्हणून सही केलेला चेक मिइकेने खिडकीवर आणला आणि तो परत गेला. खात्यात शिल्लक नव्हती, तर चेक लिहायला नको होता. ‘आम्ही अमुकपर्यंतच जाऊ’ असे वाहिनीने आधी सांगितले असते, तर मिइकेने कदाचित वेगळी आणि अधिक चांगली कथा केली असती. मर्यादा ठाऊक असली की लेखक तिच्याशी खेळतो. ती ऐन वेळी भिंतीसारखी उगवली की फक्त कपाळमोक्ष होतो.

या सगळ्यात माझे मत ज्या भागाला आहे, त्याला चाहत्यांच्या यादीत वरचा क्रमांक क्वचितच मिळतो. ‘यात भीती कुठे आहे?’ असा त्यांचा सवाल. जो दांतेचा ‘होमकमिंग’, 2 डिसेंबर 2005 रोजी दाखवलेला. इराकमधले युद्ध तेव्हा चालू होते. एका राजकीय सल्लागाराला दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत एक आई विचारते, माझा मुलगा कशासाठी मेला? तो गहिवर आणून म्हणतो, तुमचा मुलगा परत यावा हीच माझी इच्छा, कारण आपला लढा किती मोलाचा आहे, हे त्यानेच तुम्हाला सांगितले असते. इच्छा पुरी होते. शवपेट्यांतून सैनिक उठतात. भुतांनी करायच्या गोष्टी ते काहीच करत नाहीत. कोणाला चावत नाहीत, कोणाच्या मागे लागत नाहीत. त्यांना मतदान करायचे असते. ज्यांनी खोटे सांगून युद्धावर पाठवले त्यांच्या विरोधात शिक्का मारला की ते तिथेच शांत होतात. आणि सत्ताधारी ती मते मोजतच नाहीत. मग जुन्या युद्धांतले सैनिकही आपापल्या थडग्यांतून उठू लागतात. दांतेने थडग्यांच्या दगडांवर जॉर्ज रोमेरो, जाक तूर्नर अशी भूतपट काढणाऱ्यांची नावे कोरून ठेवली आहेत, आणि चाहते चित्र थांबवून ती वाचतात. मला हा खोडकरपणा आवडतो, पण तो तिथे नसता तरी चालले असते.

बँकेत असताना निवडणुकीची ड्यूटी मी पाचसहा वेळा केली. केंद्राध्यक्ष म्हणून पेट्या सांभाळल्या, मतदार यादीतली ‘मयत’ नावे पाहिली. आपल्याकडे मयत मतदार म्हटले की हशा पिकतो, कारण त्यांच्या नावावर मत कोण टाकून जातो हे सर्वांना माहीत असते. एका खेड्यातल्या केंद्रावर दुपारच्या सामसुमीत एक म्हातारी आली. मत देऊन झाल्यावर तिने विचारले, ‘साहेब, ह्यांचं नाव आहे का बघा.’ नाव होते. नवरा जाऊन दोन वर्षे झाली होती. ‘काढून टाका म्हणून अर्ज करा आजी,’ असे आमचा एक सहकारी म्हणाला. ‘राहू दे की,’ ती म्हणाली, ‘कुठंतरी राहू दे.’ ‘होमकमिंग’ पाहताना ती आठवली. मेलेल्या माणसाचे नाव सरकारदप्तरी शिल्लक असणे ही विनोदी गोष्ट आहे, तशीच ती भयंकरही आहे. नाव आहे म्हणजे हक्क आहे, आणि हक्क असलेला माणूस केव्हा तरी येऊन रांगेत उभा राहू शकतो. मला भीती कुठे दिसते, असे विचारणाऱ्या भाच्याला मी हे सांगितले. त्याने खांदे उडवले आणि चिवड्याची वाटी पुढे केली.

तसाच ब्रॅड अँडरसनचा ‘साउंड्स लाइक’. कॉल सेंटरमध्ये इतरांचे फोन ऐकून देखरेख करणारा एक अधिकारी. त्याचा लहान मुलगा वारलेला. त्यानंतर त्याचे कान इतके तीक्ष्ण होत जातात, की बारीकसारीक आवाजही सोसवेनासा होतो. यात भूत नाही, चेटूक नाही. घरात मूल गेल्यानंतर जी शांतता पसरते, ती या माणसाला मिळत नाही एवढेच. हलकाफुलका हवा असेल तर लॅरी कोहेनचा ‘पिक मी अप’ आहे. एक खुनी ट्रकवाला वाटेत लिफ्ट मागणाऱ्यांना मारतो, दुसरा खुनी लिफ्ट देणाऱ्यांना मारतो, आणि एक दिवस या दोघांची गाठ पडते. दुसऱ्याने आपले गिऱ्हाईक पळवू नये म्हणून दोघांची जी चढाओढ चालते, ती एकाच रस्त्यावर शाखा असलेल्या दोन बँकांची आठवण करून देते. अधिक बोलत नाही.

लव्हक्राफ्टचे नाव अड्ड्यात निघाले की मात्र मराठी वाचकाची कॉलर थोडी ताठ होते. नारायण धारपांनी त्या अमेरिकन लेखकाचे जग वाडे, परसू, बंद माडी अशा आपल्या ओळखीच्या सामानासह मराठीत आणून ठेवले होते. इंग्रजी न वाचलेल्या आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो तसाच पचवला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तर आम्ही बँकेतले लोक जरा जास्तच आपुलकीने वाचत असू, कारण 1978 पर्यंत तेही बँकेतच होते. त्यामुळे स्टुअर्ट गॉर्डनने या मालिकेसाठी लव्हक्राफ्टची ‘ड्रीम्स इन द विच हाउस’ घेतली, तेव्हा ती कथा आमच्या अड्ड्याला परकी वाटली नाही. आणि वाद पुन्हा पेटायला निमित्तही मिळाले. ज्या देल तोरोच्या थट्टेतून मालिकेला नाव मिळाले त्याने तिचा एकही भाग केला नव्हता. त्याने 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर ‘कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज’ ही आठ भागांची स्वतःची मालिका आणली, आणि तिच्यात नेमकी हीच कथा कॅथरिन हार्डविक या दिग्दर्शिकेने केली. पैसा भरपूर, सजावट देखणी. नायक लहानपणी गेलेल्या जुळ्या बहिणीच्या आत्म्याला शोधतो आहे.

कोहेन 2019 मध्ये गेला, हूपर त्याआधी 2017 मध्ये, गॉर्डन 2020 मध्ये. अड्ड्यातला निकाल अर्थातच अजून लागायचा आहे. निम्मे हार्डविककडे, निम्मे गॉर्डनकडे. माझे मत गॉर्डनला. त्याच्याकडे थाट नाही. एका पडक्या घरातली भाड्याची खोली, अभ्यासाला शांतता हवी म्हणून आलेला गणिताचा विद्यार्थी, भिंतींचा विचित्र कोन, माणसाच्या तोंडाचा उंदीर. पलीकडच्या खोलीत एकटी आई आणि तिचे तान्हे. त्या विद्यार्थ्याला चेटकिणीची स्वप्ने पडू लागलेली आहेत, ती त्याच्याकडून काय करवून घेणार आहे याची त्याला अंधुक कल्पना आली आहे. आणि एके दिवशी शेजारीण दारात उभी राहून विचारते, मला जरा बाहेर जायचे आहे, तोवर बाळाकडे बघाल का? चाळीत वाढलेल्या आम्हा सर्वांच्या आयांनी हा प्रश्न शेजाऱ्यांना शेकडो वेळा विचारलेला आहे. तो ‘हो’ म्हणतो.