ओळखीच्या माणसाविरुद्ध

आमच्या परभणी जिल्ह्यातील सुशिक्षित गृहस्थ दिल्लीच्या सत्तेपुढे जितका निर्भय, तितकाच आपल्या प्रभागातील नगरसेवकापुढे भित्रा असतो, असे म्हटल्यास पुष्कळांस राग येईल. तो यावा म्हणूनच हे विधान करीत आहे. निवडणुकीच्या धामधुमीत असे काही लिहिले की लेखक कोणाच्या गोटातील, याचाच शोध प्रथम सुरू होतो. 15 जानेवारी 2026 चे मतदान आता मागे पडले आहे; तेव्हा कोणत्याही उमेदवाराचे नाव न घेता, पुढील खेपेसाठी चार कठोर शब्द बोलण्यास हरकत नसावी.

इतिहास पाहा. 1952 मध्ये देशभर काँग्रेसचा जयजयकार चालला असता परभणीने शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांस लोकसभेत पाठविले. 1977 मध्ये त्याच पक्षाचे शेषराव देशमुख येथून निवडून आले. 1948 मध्ये निजामी राजवटीतून सुटलेल्या या मुलखास प्रस्थापितांना ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य बाहेरून कोणी शिकवावयास नको होते. मग हेच धैर्य पालिकेच्या मतदानकेंद्रात शिरताना उंबरठ्यावर का राहते?

कारण उघड आहे. खासदार आपल्या नळाची जोडणी करून देत नाही; नगरसेवक देतो. घरपट्टीचा वाद, जन्माचा दाखला, गटारावरची फरशी, या क्षुद्र परंतु रोजच्या कामांसाठी आपण त्याच्या दारी जातो, आणि जे हक्काने मिळावयाचे ते उपकार म्हणून स्वीकारून परततो. या उपकाराची फेड मतदानाच्या दिवशी होते. ‘माणूस ओळखीचा आहे हो!’ या एका वाक्यात आमचे सारे नागरिकशास्त्र बुडून जाते. उन्हाळ्यात दिवसेंदिवस नळाची वाट पाहणे परभणीकरांच्या अंगवळणी पडले आहे. पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण 1968 मध्ये पुरे झाले. पाणी जिल्ह्यात आहे, ते घरापर्यंत वेळेवर का येत नाही हा प्रश्न ओळखीच्या माणसास विचारण्याची मात्र आपणांस भीड पडते. म्हणून माझे म्हणणे असे की, जेथे एकाच गटाने नगरसभा दीर्घकाळ हाताखाली ठेविली आहे, तेथे सुज्ञ मतदाराने आपले मत प्रथमदर्शनी आव्हान देणाऱ्या पक्षाच्या पारड्यात टाकावे, आणि ते तेथून काढण्यास सबळ कारण मागावे.

यावर पहिला आक्षेप असा की, नगरकारभारात पक्ष नकोत, चांगली माणसे हवीत. हा विचार दिसतो उदात्त, परंतु त्याचा लाभ नेहमी सत्तेवर असलेल्यास मिळतो. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराचा कारभार एके काळी अशाच ‘पक्षातीत’ काटकसरी मंडळींच्या हाती होता. लिबरल पक्षाने संघटितपणे नगरसभा जिंकली, 1873 मध्ये जोसेफ चेंबरलेन नगराध्यक्ष झाला, आणि तीन वर्षांच्या आत खाजगी कंपन्यांच्या हातचे गॅस व पाणी नगराच्या मालकीचे झाले. चांगली माणसे बर्मिंगहॅममध्ये पूर्वीही होती. नव्हता तो कार्यक्रम. सुटा सज्जन निवडून आला तर त्याचा जाहीरनामा त्याच्या सज्जनपणाइतकाच लांब असतो. पक्ष पुढील खेपेसही त्याच चिन्हाने दारी येतो, आणि म्हणून त्यास जाब विचारता येतो. निवडून आल्यावर पक्ष सोडणाऱ्या नगरसेवकास अपात्र ठरविण्याची तरतूद महाराष्ट्रात 1986 च्या कायद्याने झालेली आहे. मात्र एक सावधगिरी हवी. काल सत्तेत होता तोच उमेदवार आज दुसरे चिन्ह घेऊन आला, तर त्यास आव्हान म्हणू नये. ते केवळ वस्त्रांतर होय.

दुसरा आक्षेप मताच्या वाया जाण्याचा. ‘तो पक्ष जिंकणार नाही, मग मत फुकट का घालवावे?’ असे विचारणाऱ्यांस महानगरपालिकेची घटनाच ठाऊक नसते. 2017 मध्ये परभणीच्या 65 जागांपैकी 31 जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या 34 कोणाच्या ना कोणाच्या होत्याच. ज्या स्थायी समितीपुढे कंत्राटे मंजुरीस येतात, तिच्या 16 जागा पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात. म्हणजे पराभूत पक्षाचे पुरेसे सभासद निवडून आले, तरी कंत्राटाचा कागद उघडण्याच्या क्षणी त्यांचा माणूस त्या खोलीत बसलेला असतो. खोलीत परका माणूस बसला की कुजबूज थांबते, हे ज्याने कोणत्याही संस्थेत काम केले आहे त्यास सांगावयास नको.

आणि एकट्याचा विरोधही निष्फळ नसतो. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या पुणेभेटीप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा सरकारनियुक्त सभासद असूनही त्यांनी एकट्याने त्यास विरोध केला. ठराव व्हावयाचा तो झाला. परंतु आज त्या ठरावाच्या बाजूने हात वर करणारांची नावे कोणास आठवतात?

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट, म्हणून त्यास शेवटी घेतो. ‘मुंबईत ज्यांचे राज्य, त्यांचीच पालिका असावी, नाहीतर निधी येत नाही.’ यात तथ्यांश आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मंत्र्याच्या मर्जीने मिळणारा पैसा असतोच. परंतु सारा पैसा मर्जीचा नसतो. 1993 मध्ये अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्य वित्त आयोगाची तरतूद केली ती याचसाठी, की नगरांना त्यांचा वाटा याचनेने नव्हे, नियमाने मिळावा. जो नगरवासी निधीच्या आशेने मत देतो, तो आपला घटनादत्त हक्क स्वहस्ते भिक्षेत रूपांतरित करतो. शिवाय आलेल्या निधीचा हिशेब विचारणारा कोणी नसेल, तर तो अधिक आला काय आणि उणा आला काय, रस्त्यास पडणारे खड्डे तेवढेच!

मे 2022 मध्ये परभणी महानगरपालिकेची मुदत संपली, आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ नगराचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात आपण मोर्चे काढले नाहीत, सभा भरविल्या नाहीत. ‘बरेच झाले, कटकट गेली’ असे उद्गारही काही दिवाणखान्यांतून ऐकू आले. ज्यास प्रतिनिधी नसल्याचे दुःख होत नाही, त्यास प्रतिनिधी वाईट असल्याची तक्रार करण्याचा अधिकार कसा पोचतो?

तेव्हा पुढील निवडणुकीची वाट न पाहता आजच आरंभ करावा. गंगाखेड असो, जिंतूर असो, सेलू किंवा पाथरी असो, आपल्या नगरसभेत आज विरोधी बाकांवर कोण आहे, त्यांनी किती वेळा तोंड उघडले, कोणता हिशेब मागितला, हे पाहावे. जे बोलत असतील त्यांच्या पाठीशी उभे राहावे. जे गप्प असतील त्यांस लाजवावे. आणि मतदानाच्या दिवशी ओळखीचा माणूस दारी आला, तर त्यास चहा अवश्य द्यावा. मत मात्र त्याच्या कारभाराचा हिशेब मागेल अशा पक्षास द्यावे.